रिकाम्या फाइलला मिळालेली शाबासकी

मानसशास्त्रात एमए केलं, तरी समोर रडणाऱ्या माणसापाशी कसं बसायचं हे मला येत नव्हतं. म्हणून वैयक्तिक, जोडप्यांची आणि गटाची अशा तिन्ही थेरपी शिकवणारा ऑनलाइन कोर्स घेतला. जाहिरातीत 'शंभर तास सुपरव्हिजन' असं होतं. त्या तीन शब्दांवर विश्वास ठेवून सगळी फी आधीच भरली.

सुपरव्हिजन म्हणजे आपलं सेशन एखाद्या अनुभवी थेरपिस्टने ऐकायचं आणि आपण कुठे घाई केली, कुठे उगाच सल्ला दिला, ते दाखवून द्यायचं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४२ मध्येच ध्वनिमुद्रित सेशन वापरून शिकवण्यावर लिहिलं होतं. आपण काय बोललो असं आपल्याला वाटतं आणि खरोखर काय बोललो, यात फार अंतर असतं.

क्लायंटची परवानगी घेऊन मी चार रेकॉर्डिंग पाठवली. चारही वेळा उत्तर आलं, 'छान, असंच चालू ठेवा.' पुढे कळलं की तिसऱ्या फाइलमध्ये आवाजच आलेला नव्हता. चाळीस मिनिटांच्या शांततेला 'छान' म्हटलं होतं!

गटाच्या थेरपीचं तर नाव काढू नये. गटात घेण्याआधी प्रत्येकाशी स्वतंत्र बोलतात, सात-आठ माणसं ठेवतात, इथलं बोलणं बाहेर जाणार नाही असं सगळ्यांकडून कबूल करून घेतात. इथे साठ जण स्क्रीनवर आणि आदेश एकच, 'मोकळे व्हा.' एक मैत्रीण गर्भपाताबद्दल बोलली. दोन महिन्यांनी तेच बोलणं पुढच्या बॅचच्या जाहिरातीत ऐकू आलं. चेहरा धूसर केला होता, आवाज तिचाच होता. तिने तक्रार केल्यावर तिला ग्रुपमधून काढून टाकलं. हे मी त्यांना कधीच माफ करणार नाही.

जोडप्याला एकत्र बसवण्याआधी दोघांना वेगवेगळं भेटून घरात मारहाण होते का हे विचारायचं असतं, हेही कुणी सांगितलं नाही. ते मला नंतर एका ज्येष्ठ थेरपिस्टकडून कळलं, आणि त्या रात्री झोप लागली नाही.

फी भरण्याआधी एवढं विचाराच: माझी सेशन कोण ऐकणार, किती ऐकणार, त्या व्यक्तीशी आधी बोलता येईल का? मी हे विचारलं नव्हतं. प्रमाणपत्रावर शंभर तास छापून आले, ते मी कुठेच दाखवत नाही.

आता त्याच ज्येष्ठ बाई दर आठवड्याला माझं रेकॉर्डिंग ऐकतात. पहिल्याच दिवशी चौथ्या मिनिटाला त्यांनी ते थांबवलं आणि विचारलं, "इथे ती गप्प का झाली?"