मूळ बनावटीचे सस्पेन्शन: रोड रनरचे टॉर्शन बार आणि पाटे

१९६८ साली प्लिमथने रोड रनर ही गाडी २,८९६ डॉलर इतक्या मूळ किमतीला बाजारात आणली, तेव्हा सगळी चर्चा तिच्या ३८३ घनइंची, ३३५ अश्वशक्तीच्या इंजिनाची झाली. त्या इंजिनाची ताकद रस्त्यापर्यंत नीट पोहोचवणाऱ्या भागांकडे फारसे कोणी पाहिले नाही, आणि आजही अशी गाडी घेणारे अनेक जण सर्वांत आधी तेच भाग काढून टाकतात व त्यांच्या जागी नव्या धाटणीचे कॉइलओव्हर (शॉक अ‍ॅब्सॉर्बरभोवतीच कॉइल स्प्रिंग असलेली जोडणी) बसवून घेतात. त्याच वर्षीच्या एका रोड रनरचे सस्पेन्शन मूळ बनावटीच्याच भागांनी नव्याने बांधून दोन उन्हाळे चालवल्यानंतर ही घाई चुकीची आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

प्लिमथची मालक कंपनी क्रायस्लरने १९५७ पासून आपल्या गाड्यांच्या पुढच्या बाजूस कॉइल स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार वापरण्यास सुरुवात केली. गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेल्या या पोलादी दांड्याचे मागचे टोक सांगाड्यात पक्के असते आणि पुढचे टोक खालच्या कंट्रोल आर्ममध्ये, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या हलत्या भुजेत, अडकवलेले असते. चाक वर उचलले गेले की दांड्याला पीळ बसतो, आणि तो पीळ उलगडताना चाक पुन्हा खाली येते. रोड रनरमधला दांडा सुमारे ४१ इंच लांब असतो. त्याचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून ०.८८ इंचाचा दांडा काढून हेमी या क्रायस्लरच्या अधिक ताकदीच्या इंजिनाच्या गाड्यांत येणारा ०.९२ इंचाचा दांडा बसवला, तर नजरेला जेमतेम कळणाऱ्या फरकाने ताठरपणा जवळजवळ १९ टक्क्यांनी वाढतो. मी केलेला हा एकच मोठा बदल, आणि तोही कारखान्याच्याच यादीतला. ब्रेक दाबल्यावर गाडीचे नाक पूर्वीइतके खाली जात नाही, तरीही खराब रस्त्यावर बसणारे हादरे वाढले नाहीत. शिवाय पुढची उंची प्रत्येक बाजूच्या एका बोल्टने कमीजास्त करता येते, ही सोय कॉइल स्प्रिंगच्या समकालीन गाड्यांत नव्हती.

खरे कौतुक मात्र मागच्या पाट्यांचे, म्हणजे लीफ स्प्रिंगचे, करायला हवे. क्रायस्लरने एक्सल (मागच्या चाकांचा आस) पाट्याच्या मध्यावर न ठेवता बराच पुढे ठेवला, त्यामुळे एक्सलपुढचा पाट्याचा भाग आखूड आणि ताठ झाला, तर मागचा लांब आणि मऊ राहिला. जोरात वेग घेताना एक्सल स्वतःभोवती फिरू पाहतो. पुढचा ताठ भाग त्याला अडवतो, आणि म्हणून एक्सलचे हे फिरणे रोखणारी वेगळी दांडी (ट्रॅक्शन बार) न लावताही चाके उड्या मारत नाहीत. इंजिनाची ताकद मागच्या एक्सलला पोहोचवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा पीळ उजव्या मागच्या चाकावरचा भार कमी करत असल्यामुळे हेमी गाड्यांत उजवीकडे सहा पाटे आणि डावीकडे पाच पूर्ण व दोन अर्धे पाटे अशी मुद्दाम विषम रचना केलेली होती. इतका विचार ज्या साध्या लोखंडात ओतला गेला, त्याला जुनाट म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

इतर कंपन्यांचे मूळ भाग सरसकट इतके समाधान देत नाहीत. शेव्हरोलेच्या १९६७ च्या कॅमेरोला मागे प्रत्येक बाजूस एकच पाटा होता आणि त्यामुळे चाके उडण्याची तक्रार झाली. पुढच्याच वर्षी एक शॉक अ‍ॅब्सॉर्बर एक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे बसवून, तसेच अधिक ताकदीच्या गाड्यांना अनेक पाटे देऊन ती दूर करावी लागली. फोर्डच्या मस्टँगमध्ये पुढची कॉइल स्प्रिंग वरच्या कंट्रोल आर्मवर उभी असल्याने इंजिनाची जागा आक्रसते. तिच्या वरच्या आर्मचा आधारबिंदू सुमारे एक इंच खाली घेण्याचा बदल १९६५ च्या शेल्बी जीटी ३५० या मस्टँगच्याच वेगवान आवृत्तीत केला गेला, आणि साधी मस्टँग असलेल्यांनी तो अवश्य करावा.

मूळ सस्पेन्शनची बदनामी बहुतेक वेळा पन्नास वर्षे जुन्या, दगडासारख्या झालेल्या रबरी बुशांमुळे (सांध्यांत बसवलेल्या रबरी नळ्यांमुळे) होते. मात्र नवे बुश बसवतानाही एक चूक हमखास होते. मी पहिल्यांदा ज्या कार्यशाळेत काम करवून घेतले, तिथे गाडी लिफ्टवर आणि चाके लोंबकळत असतानाच सगळे बोल्ट आवळले गेले. रबर त्या स्थितीत जखडले गेले, गाडी जमिनीवर येताच त्याला कायमचा पीळ बसला, आणि काही महिन्यांतच कंट्रोल आर्मचे बुश फाटले. गाडीचा पूर्ण भार चाकांवर घेऊनच अखेरचे आवळणे करावे, हे कळण्यासाठी मला ते काम दुसऱ्यांदा करावे लागले.

दोष आहेतच. पॉवर स्टिअरिंग इतके हलके आहे की पुढची चाके काय करत आहेत हे हाताला कळत नाही, आणि मागे अँटी-रोल बार नसल्याने वळणावर गाडी बरीच कलते. अलाइनमेंटचे (चाकांच्या कोनांचे) मूळ आकडे त्या काळच्या बायस-प्लाय, म्हणजे तिरक्या धाग्यांच्या थरांच्या, टायरांसाठी होते. रेडियल टायरवर गाडी सरळ धावण्यासाठी कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या आसाचा मागे असलेला कल, वाढवणे गरजेचे असते. वरच्या कंट्रोल आर्मला ऑफसेट (भोक मध्यापासून सरकवलेले) बुश लावून मी दोन अंशांहून थोडा अधिक कॅस्टर मिळवला, आणि महामार्गावर स्टिअरिंगला सतत दुरुस्त करत राहण्याची पाळी संपली. जुन्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा मोह मात्र मी धरला नाही. तिथे नवे घेणेच योग्य.

वापरलेले टॉर्शन बार विकत घेताना त्यांच्या टोकावरची उजव्या-डाव्या बाजूची खूण तपासावी, कारण दांड्याला कारखान्यातच एका दिशेने पीळ देऊन तयार केलेले असते आणि बाजू बदलून ते लावता येत नाहीत. दांडा काढताना त्यावर पाना-पकडीचे दात उमटले असतील किंवा गंजाने खड्डे पडले असतील, तर तो कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये; तडा नेमका अशाच ओरखड्यापासून सुरू होतो.