दीडशे सीसीवरून केटीएम २५० ड्यूकवर: बेळगाव, खानापूर, निपाणीच्या रस्त्यांसाठी

बेळगावात नवी गाडी दारात उभी राहिली की गल्लीतले तात्या आधी एकच गोष्ट विचारतात, ‘किती देती?’ तेवढं उरकून घेऊ. स्प्लेंडर लिटरला साठच्या पुढे देते, ही २५० ड्यूक तिशीच्या आसपास देईल. उजवा हात आवरला तर पस्तीस. टाकी १५ लिटरची आहे, त्यामुळे बेळगाव-कोल्हापूर जाऊन-येऊन पंप शोधावा लागत नाही. हा हिशोबच पटत नसेल तर पुढचं वाचण्यात अर्थ नाही, कारण बाकी सगळा खर्चही याच पटीत वाढतो.

स्प्लेंडर प्लसचं इंजिन ८ पीएसचं (पीएस म्हणजे ढोबळमानाने हॉर्सपॉवर), वजन ११२ किलो. पल्सर १५० चं १४ पीएस आणि १४८ किलो. २०२३ साली आलेली नवी २५० ड्यूक ३१ पीएसची आहे आणि वजन १६३ किलोच्या आसपास. म्हणजे पल्सरपेक्षा वजन पंधरा किलो जास्त आणि ताकद दुपटीहून अधिक. पण ही ताकद राहते कुठे ते बघा. २५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढ, ७२५० आरपीएमला (इंजिनचे मिनिटाचे फेरे) मिळतो, पूर्ण ३१ पीएस ९२५० ला. चार हजारांच्या खाली गाडी साधी, जवळजवळ सुस्त वाटते. साडेसहा हजार ओलांडले की तीच गाडी अंगात आल्यासारखी पळते. शोरूमच्या बाहेर पाच मिनिटांची चक्कर मारून ‘यात काय विशेष नाही’ म्हणणारे लोक चार हजारांच्या खालूनच परत आलेले असतात. टेस्ट राइड मागाल तर खानापूर रोडच्या गर्दीत नको, हायवेला लागून तिसऱ्या-चौथ्या गिअरला इंजिन मोकळं करता येईल अशी मागा.

या स्वभावामुळे घाटात गिअरचं भान लागतं. जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ल्याला जाताना स्प्लेंडरवाला टॉपमध्येच गाडी ढकलत राहतो आणि गाडी ते सोसते. ड्यूकला असं घ्याल तर ती धडधडते, चेन फटके मारते. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला पाच ते सात हजारांत इंजिन ठेवलं की वळणातून बाहेर पडताना गाडी लगेच उचलते. गोव्याच्या बाजूला उतरतानाही तेच गिअर ठेवा, निम्मा वेग इंजिनच धरून ठेवतं आणि खाली पोचेपर्यंत ब्रेक गार राहतात.

गिअरवरूनच एक धोका. स्प्लेंडरचे चारही गिअर पाय खाली दाबून वर चढतात. ड्यूकला पहिला खाली आणि बाकी पाच पायाच्या बोटांनी वर उचलायचे. टाचेने मारायची मागची दांडी नाही. दहा वर्षं स्प्लेंडर चालवलेला पाय गडबडीत खालीच दाबतो. ऐंशीच्या वेगात वाढवायचा गिअर असा कमी झाला तर मागचं चाक उड्या घेतं. असा झटका थोडा सोडून देणारा स्लिपर क्लच आहे म्हणून बहुतेक वेळा निभावतं, पण ओल्या रस्त्यावर त्यावर विसंबू नये. पहिले पंधरा दिवस प्रत्येक गिअर मनात म्हणत टाका. क्विकशिफ्टर कंपनीकडूनच येतो आणि क्लच न दाबता गिअर पडतो, मात्र आरपीएम वर असताना आणि थ्रॉटल उघडा असतानाच तो मऊ चालतो. चन्नम्मा सर्कलच्या सिग्नलला हळू चालताना क्लचच वापरा, नाहीतर झटके बसतात.

आता ब्रेक. गाडी बदलताना खरं नवीन शिकायचं असतं ते हेच. आपल्याकडे गाडी शिकवताना प्रत्येकाला सांगितलेलं असतं, ‘पुढचा ब्रेक लावू नको, तोंडावर पडशील.’ शंभर सीसीच्या ड्रम ब्रेकवर आणि मातीच्या रस्त्यावर त्यात तथ्य होतं. इथे पुढे ३२० मिलिमीटरची डिस्क आहे, मागे २४० ची, दोन्ही चाकांना एबीएस, म्हणजे ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. थांबवण्याचं बहुतेक काम पुढचंच चाक करतं, कारण ब्रेक लागताच वजन पुढे येतं आणि पुढचं टायर रस्त्यावर दाबलं जातं. पण हे वजन यायला क्षणभर लागतो. त्याआधीच लिव्हर करकचून आवळला तर टायर दाबलं जाण्याआधीच घसरू पाहतं. म्हणून लिव्हर आधी दोन बोटांनी हलकेच ओढायचा, पुढची फोर्क (पुढच्या चाकाचे शॉकॲब्सॉर्बर) बसली की मग जोर वाढवायचा. मोकळा, सरळ, कोरडा रस्ता बघून तीस, चाळीस आणि पन्नासच्या वेगातून प्रत्येकी दहा वेळा थांबण्याचा सराव करा. शेवटच्या दोन-चार वेळा एबीएस लागेपर्यंत दाबून बघा. लिव्हर बोटांखाली थडथडतो. हे आधी माहीत नसलेला माणूस ऐनवेळी दचकून ब्रेक सोडून देतो. एबीएसमधला सुपरमोटो मोड मागच्या चाकाचं एबीएस बंद करतो. जून ते सप्टेंबर त्या पर्यायाकडे बघूही नका.

गाळप हंगाम सुरू झाला की चिकोडी, रायबाग, अथणी, निपाणी या पट्ट्यात रात्री ब्रेकची परीक्षा होते. दोन-दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर धुळीने माखलेला, आणि रस्त्यावर पडलेल्या उसाच्या कांड्या. रुंद टायर कांडीवर गेलं की कांडी रुळासारखी फिरते. अशा वेळी वळणात ब्रेक नको, गाडी सरळ करून कांडी ओलांडायची. हायवे सोडला की या भागात साठच्या वर जाऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे, हेडलाइट कितीही चांगला असो.

बसण्याची उंची ८०० मिलिमीटर आहे. साडेपाच फुटांच्या माणसाचे दोन्ही चवडे टेकतात, त्याहून कमी उंचीच्यांनी आधी बसून बघावं. हँडल रुंद, पाय किंचित मागे, शरीर थोडं पुढे झुकलेलं. शहापूर-वडगावच्या गल्ल्यांत गाडी हलकी वाटते, पण हँडल स्प्लेंडरइतकं वळत नाही, यू-टर्नला एकदा जास्त मागे-पुढे करावं लागतं. मागची सीट नावापुरती आहे. आईला मागे बसवून सौंदत्तीच्या यल्लम्माला जायचं असेल तर जुनी गाडी विकू नका. सस्पेन्शन कडक आहे. मागची प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, कंपनीने दिलेल्या टूलने बदलता येते, एकट्या साठ-पासष्ट किलोच्या माणसाने एक-दोन खाचा कमी केल्या की कंबरेला बराच आराम मिळतो. गर्दीत रेडिएटरचा फॅन सुरू झाला की गरम हवा मांड्यांवर येते. बिघाड नव्हे, लिक्विड कूलिंगच्या, म्हणजे द्रवाने थंड होणाऱ्या इंजिनाच्या गाडीचं ते रोजचं आहे.

देखभालीत लोक चुकतात ते धुण्यात. आपल्याकडच्या बहुतेक वॉशिंग सेंटरवर गाडी धुऊन झाली की चमकण्यासाठी वरून डिझेल मारतात. स्प्लेंडरचे ड्रम बंद असल्याने निभावत होतं. इथे डिस्क उघडी आहे. डिझेलचा थर डिस्कवर आणि पॅडमध्ये गेला की ब्रेक आधी किंचाळतो, मग पकडतच नाही, आणि पॅड बदलावे लागतात. रबरी होज डिझेलने फुगतात. ‘डिझेल नको’ हे गाडी रॅम्पवर चढवण्याआधी सांगा. प्रेशरचा पाइप रेडिएटरवर जवळून मारला की पातळ जाळी वाकते आणि हवा जाणं बंद होतं. खानापूरकडची तांबडी माती त्या जाळीत वाळून सिमेंटसारखी बसते, ती भिजवून, लांबून, कमी प्रेशरने काढायची. रेडिएटर गार्ड पहिल्याच आठवड्यात लावून घ्या.

सेंटर स्टँड नाही, त्यामुळे चेन साफ करायला मागचं चाक उचलून धरणारा पॅडॉक स्टँड लागतो. मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला (स्विंगआर्म) बॉबिन नावाच्या खुंट्या बसवून स्टँड त्यात अडकवतात. गाडी चार-पाच किलोमीटर फिरवून चेन कोमट झाल्यावर इंजिन बंद करा आणि चाक हाताने फिरवत मऊ ब्रशने, चेन क्लीनर लावून घासा. इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चाक फिरवणाऱ्यांची बोटं स्प्रॉकेटमध्ये (चेनच्या दातेरी चाकात) गेलेली आहेत. पुसून कोरडी झाली की चेनच्या आतल्या बाजूला लूब मारा आणि पंधरा मिनिटं थांबा, नाहीतर ते सगळं उडून मागच्या टायरवर जातं. कोरड्या दिवसांत पाचशे किलोमीटरला एकदा, पावसात प्रत्येक मोठ्या फेरीनंतर. चेन ताणून ठेवू नका. माणूस बसला की ती आणखी घट्ट होते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर भार येतो. किती ढील ठेवायची ते मॅन्युअलमध्ये दिलंय, तेवढीच ठेवा.

हवा एकट्याला दोन्ही चाकांत साधारण २९ पीएसआय. पंक्चरवाले सवयीने चाळीसपर्यंत भरतात, मग पावसात गाडी पांढऱ्या पट्ट्यावर नाचते आणि दोष टायरला दिला जातो. स्वतःचा गेज ठेवा. तेल १५डब्ल्यू-५० ग्रेडचं, डब्यावर जासो एमए२ लिहिलेलं. कारचं स्वस्त तेल घातलं तर त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यामुळे ओला (इंजिनच्या तेलातच चालणारा) क्लच घसरतो, आरपीएम चढतं आणि वेग चढत नाही. पहिले हजार किलोमीटर साडेसात हजार आरपीएमच्या वर जाऊ नका आणि एकाच वेगात तासभरही चालवू नका. हजारला पहिलं सर्व्हिसिंग. किक नाही. बॅटरी बसली तर ढकलून सुरू होईल या भरवशावर राहू नका, इंजेक्शनच्या गाडीला पंप चालवायलाही करंट लागतो. महिनाभर गाडी बंद राहणार असेल तर चार्जर लावून ठेवा.

आता पैशाचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि ३५० च्या वर ४० टक्के झाला. विम्यातही रेघ तिथेच आहे. २०२२ च्या दरपत्रकात नव्या दुचाकीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता १५० ते ३५० सीसीला ७३६५ रुपये, त्यापुढे १५११७ रुपये. ३९८ सीसीची ट्रायम्फ स्पीड ४०० ही इथल्या रस्त्यांना जास्त सोपी गाडी आहे हे मान्य करायला हवं. ३७.५ न्यूटन-मीटर ६५०० लाच मिळतो, खालूनच ओढते, तवंदी घाटात गिअर कमी करावा लागत नाही. वजन १७६ किलो आणि टाकी १३ लिटर. पण वरचा कर आणि विमा धरून ऑन-रोड जो फरक पडतो, त्यात हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्हज आणि पुढे कधीतरी लागणारी टायरची नवी जोडी येते. पल्सरवरून येणाऱ्याने तो फरक अंगावरच्या सुरक्षेत घालावा असं आम्हाला वाटतं. यामाहा एमटी-१५ हलकी आणि काटकसरी आहे, पण १८.४ पीएससाठी गाडी बदलण्यात पल्सरवाल्याला फार काही हाती लागत नाही. स्प्लेंडरवाल्याला मात्र लागतं. थेट ८ वरून ३१ वर उडी मारण्यापेक्षा त्याने तिचा विचार जरूर करावा.

कर्नाटकात लाइफटाइम टॅक्स महाराष्ट्रापेक्षा बराच चढा आहे, म्हणून कोल्हापुरात एमएच-०९ पासिंग करून गाडी इकडे आणण्याचा सल्ला निपाणीत कुणीही देतो. कायद्याने दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो, म्हणजे तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत) आणा, इथला टॅक्स भरा, मग तिकडचा परत मागत बसा. राहता पत्ता बेळगावचा असेल तर केए-२२, चिकोडी-निपाणीकडे असेल तर केए-२३ सरळ घ्या.

जुनी घ्यायची तर सकाळी, इंजिन गार असताना बघायला जा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. फोर्कच्या नळीवर बोट फिरवा, तेलाचं कडं लागलं तर सील गेलंय. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. मधोमध खाच लागल्यासारखी अडली तर स्टिअरिंगचं बेअरिंग गेलंय, म्हणजे गाडीने भरपूर व्हीली (पुढचं चाक हवेत उचलणं) मारलेल्या असू शकतात. स्प्रॉकेटचे दात शार्कच्या पंखासारखे वाकलेत का, इंजिनच्या कव्हरवर आणि हँडलच्या टोकांवर घासल्याच्या खुणा आहेत का, कूलंटची पातळी किती, हे बघा. मग गाडी जागेवर चालू ठेवून रेडिएटरचा फॅन आपोआप लागेपर्यंत थांबा. फॅन लागला नाही तर दर कितीही पाडून दिला तरी हात जोडून निघा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय ॲडव्हान्सही देऊ नका.