पाइनच्या शंकूवरची अळंबी: स्ट्रोबिल्युरस की बीओस्पोरा?

युरोपातल्या पाइनच्या जंगलात जमिनीवर एकटीच उगवलेली इवली तपकिरी अळंबी दिसली, तर आधी खालची माती उकरा. देठ पालापाचोळ्यात गाडलेल्या जुन्या शंकूपर्यंत गेला असेल, तर प्रश्न बहुधा या दोघींतलाच.

पहिला पुरावा ऋतूचा. स्ट्रोबिल्युरस टेनासेलस वसंतात येते, बीओस्पोरा मायोस्युरा शरदात. पण हवामान लहरी असतं, म्हणून टोपी उलटी करून बघाच. बीओस्पोराचे गिल्स, म्हणजे टोपीखालच्या पातळ पात्या, इतके दाट, की मधली फट शोधावी लागते. स्ट्रोबिल्युरसचे बरेच सुटे. देठही बोलका: स्ट्रोबिल्युरसचा वर पांढरट, खाली पिवळसर-तपकिरी आणि गुळगुळीत, बीओस्पोराचा फिकट, पिठूळ. तरीही शंका राहिली तर सूक्ष्मदर्शक. आयोडीनयुक्त मेल्झर द्रावणात बीओस्पोराचे बीजाणू निळसर होतात, स्ट्रोबिल्युरसचे नाही. माझा भरवसा मात्र गिल्सवर.

खाण्यासाठी दोन्ही निरुपयोगी, शिवाय अशा तपकिरी अळंब्यांत विषारी गॅलेरिनाही असते. स्ट्रोबिल्युरसचा मान वेगळाच: 1977 मध्ये तिच्यातून वेगळ्या केलेल्या स्ट्रोबिल्युरिन या रसायनावरूनच पुढे ॲझॉक्सिस्ट्रोबिन हे बुरशीनाशक घडलं, जे आपले द्राक्ष बागायतदार भुरी-डाउनी या बुरशीसारख्या रोगांवर फवारतात.