कुत्रीला दाखवायला गेलो, गोळ्याच दिल्या नाहीत (4 स्टार)

आमची चटणी. 4 वर्षांची देशी कुत्री, 17 किलो, आणि पोटावर-मांड्यांवर पाच रुपयाच्या नाण्याएवढे गोल चट्टे, मधे केस गेलेले आणि कडेने कोंड्यासारख्या पापुद्र्याची रिंग. सोसायटीत ज्याने त्याने सांगितलं गजकर्ण आहे, कडुलिंब लावा. लावला. चटणीने चाटून खाल्ला.

आधी जिथे दाखवायचो (नाव घेत नाही) तिथे सात महिन्यांत तीनदा सेफॅलेक्सिन (अँटिबायोटिकच्या गोळ्या), त्यातलं एकदा तर फोनवरच, आणि खाज फारच वाढली की स्टिरॉइडचं इंजेक्शन. आठवडाभर टकाटक, मग परत ये रे माझ्या मागल्या. आता खरं सांगायचं तर दुसऱ्या वेळी मीच पाचव्या दिवशी गोळ्या बंद केल्या कारण बरी दिसत होती, आणि उरलेलं पाकीट पुढच्या वेळी वापरलं, त्यामुळे सगळं खापर त्यांच्यावर फोडत नाही.

या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी औषधाचा विषयच काढला नाही आधी. चट्ट्याच्या कडेचा पापुद्रा उचलला, खाली कापसाची काडी फिरवली, एक काडी काचपट्टीवर घासली आणि दुसरी कल्चरला पाठवली, म्हणजे लॅबमधे जंतू वाढवून कोणतं औषध चालतं ते बघायला. मायक्रोस्कोपमधे मला पण बघू दिलं, बारीक जांभळे ठिपके, काही ठिकाणी घोसच्या घोस. स्टॅफिलोकोकस जातीचे बॅक्टेरिया ते, स्टॅफिलो म्हणजे ग्रीकमधे द्राक्षाचा घड म्हणे.

चौथ्या दिवशी रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला. स्टॅफिलोकोकस स्यूडइंटरमीडियस, म्हणजे गजकर्णाची बुरशी नव्हे, कुत्र्यांच्या अंगावरचा कायमचा भाडेकरू बॅक्टेरिया, 2005 पर्यंत ज्याला स्वतःचं वेगळं नाव पण नव्हतं. पण ऑक्सासिलिन या पेनिसिलिनच्या भाऊबंदासमोर 'आर', म्हणजे रेझिस्टंट, औषधाला दाद न देणारा. हा एक आर आला की पेनिसिलिन, अमॉक्सिक्लॅव, सेफॅलेक्सिन सगळी भावकी बाद, खाली त्यातल्या एखाद्यासमोर 'एस' (औषध चालेल) छापलेलं असलं तरी. मेकए नावाचा जीन असतो, त्याच्यामुळे बॅक्टेरिया आपली भिंत बांधायला वेगळंच प्रोटीन वापरतो आणि या औषधांना ते नीट पकडताच येत नाही. म्हणजे तिसरा कोर्स आम्ही नुसता पोटात घातला होता तिच्या.

मला वाटलं आता एखादं महागडं इंजेक्शन लिहितील. तर क्लोरहेक्सिडीनचा शॅम्पू, आठवड्यातून तीनदा, फेस 10 मिनिटं अंगावर ठेवायचा आणि मगच धुवायचा. इन्फेक्शन वरच्या थरातलं आहे, शॅम्पू तिथे थेट पोचतो, गोळ्या कशाला, असं म्हणाल्या. शिवाय मूळ खाज पिसवांची होती म्हणून दर महिन्याची पिसवांची गोळी चालू केली. 10 मिनिटं ओल्या कुत्रीला बाथरूममधे धरून ठेवायचं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल, मी मोबाइलवर टायमर लावून दाराला पाठ टेकून बसायचो. पण तिसऱ्या आठवड्यात मांडीवर नवीन केसांची खुंटं दिसली.

आईला शुगर आहे म्हणून घाबरून विचारलं. हा जंतू माणसाला क्वचितच त्रास देतो, पण आईच्या पायाच्या जखमेपाशी चटणीला चाटू द्यायचं नाही, शॅम्पूनंतर हात धुवायचे, एवढं सांगितलं, उगाच भीती घातली नाही. गावाकडे गाईला दगडी (कासेची सूज) झाली की अँटिबायोटिकची अर्धी ट्यूब सडात सोडून उरलेली ठेवून देतात, ती पण माझ्यासारखीच गत असं बोलता बोलता सुनावलं.

एक किस्सा त्यांनी सांगितला तो डोक्यातून जात नाही. डेन्मार्क-स्वीडनमधले हेजहॉग, साळिंदरासारखे काटेरी पण इवलेसे, त्यांच्या अंगावर एक बुरशी राहते जी स्वतःच पेनिसिलिनसारखं औषध बनवते. त्या बुरशीपुढे टिकायचं म्हणून तिथल्या स्टॅफनी (म्हणजे स्टॅफिलोकोकस बॅक्टेरियांनी) 1800 च्या सुमारासच रेझिस्टन्स कमावला होता असं 2022 च्या अभ्यासात निघालं. पेनिसिलिन बाजारात आलं 1940 च्या दशकात! तर आपण काही नवीन शिकवलं नाही त्यांना, फक्त गल्लोगल्ली क्लास काढले.

एक स्टार का कापला? पार्किंग शून्य, आतली फरशी एवढी गुळगुळीत की चटणी वजनकाट्यापर्यंत घसरत गेली, आणि कल्चरचे 1400 रुपये वेगळे पडतात हे आधी कोणी सांगितलं नाही. शॅम्पूची 200 मिलीची बाटली पाच आंघोळीत खलास, तेव्हा मोठीच मागा. शनिवारी संध्याकाळी जाऊ नका, दीड तास बसलो होतो शेजारी एक चिडका पोपट घेऊन.