पिकअपची कुरकुर आणि पावस रस्त्यावरचे गॅरेज

रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून पावसकडे जाताना रस्त्याला लागूनच एक पत्र्याचे छोटे गॅरेज आहे. खाऱ्या वाऱ्याने त्याच्या पाटीवरची अक्षरे केव्हाच खाऊन टाकली आहेत, त्यामुळे नाव सांगता येत नाही. परंतु 'आवाजवाल्याचे गॅरेज' असे विचारले की रिक्षावालेसुद्धा बरोबर तिथे आणून सोडतात. जुन्या गाड्यांतले नको ते आवाज शोधून काढणे हे त्यांचे मुख्य काम आहे आणि या शोधण्याचे ते वेगळे पैसे घेतात. सुरुवातीला मला ही गोष्ट खटकली होती. आता खटकत नाही, आणि का खटकत नाही ते सविस्तर सांगावे म्हणून हे लिहीत आहे.

माझी पिकअप २०११ सालची, डिझेलवर चालणारी आहे. हंगामात आंब्याच्या पेट्या भरून हातखंबा, साखरपा करीत आंबा घाट चढून कोल्हापूरचा बाजार गाठायचा आणि उरलेले वर्षभर शेणखत, जांभ्याचे चिरे, गवताचे भारे असे जे पडेल ते वाहायचे, असा तिचा दिनक्रम आहे. गेल्या दोन वर्षांत तिला तीन निरनिराळे आवाज लागले होते. पहिला मागच्या बाजूची कुरकुर. ओटीवरच्या झोपाळ्याच्या कड्यांना बरेच दिवस तेल मिळाले नाही की जशी येते, अगदी तशी. दुसरा वीस-तीसच्या वेगात पोटाखालून येणारी चिमणीसारखी चिवचिव. तिसरा गाडी उभी असताना, इंजिन मंद चालू असले की होणारी पत्र्याची खडखड. मुद्दाम सांगायची गोष्ट म्हणजे पहिला आवाज जून ते सप्टेंबर पूर्ण बंद असायचा आणि दसऱ्याच्या सुमारास पुन्हा हजर व्हायचा. घरात यावर थट्टा होत असे, पण या गोष्टीला काही अर्थ असेल असे कोणाच्याही मनात आले नाही, माझ्याही नाही.

याआधी मी शहरातल्या एका मोठ्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली होती. तिथे गाडीवर एक फेरीही न मारता, केवळ माझे वर्णन ऐकून मागचे दोन्ही शॉकअप बदलण्यात आले आणि साडेतीन हजार रुपये गेले. कुरकुर होती तशीच राहिली. तक्रार केल्यावर पाट्यांवर, म्हणजे मागच्या लोखंडी पात्यांच्या स्प्रिंगांवर, फवाऱ्याचे पातळ तेल मारून दिले गेले, त्याने चार दिवस शांतता मिळाली आणि पाचव्या दिवशी आवाज दुप्पट जोमाने परत आला. असे पातळ तेल सांध्यातले उरलेसुरले ग्रीसही धुऊन नेते, हे मला पुढे पावस रस्त्यावर कळले.

या गॅरेजचे मिस्त्री पस्तिशीचे आहेत. त्यांनी गाडीला हात लावण्याआधी जो पहिला प्रश्न विचारला तो असा: "काका, पावसाळ्यात वाजते का?" नाही म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि वहीत काहीतरी टिपून ठेवले. कोरड्या रबराच्या किंवा कोरड्या लोखंडाच्या घासण्यातून जो आवाज येतो तो पाणी मिळाले की गप्प बसतो. बेअरिंग खराब असेल तर पावसाने ते बरे होत नाही, उलट आणखी बिघडते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या आपल्या जिल्ह्यात ही परीक्षा निसर्ग दरवर्षी चार महिने फुकट करून देतो आणि आपण तिच्याकडे लक्ष देत नाही.

त्यानंतर आम्ही एक फेरी मारली, रेडिओ आणि पंखा बंद ठेवून, आधी काचा उघड्या आणि मग मिटून. सपाट रस्त्यावर त्यांनी मला क्लच दाबून गाडी तशीच पुढे जाऊ द्यायला सांगितले. इंजिनाचा वेग उतरला, पण चिवचिव गाडीच्याच वेगाने चालू राहिली, म्हणजे इंजिन आणि त्यावरचे पट्टे संशयातून सुटले. अंगणात परत आल्यावर त्यांनी मागच्या चाकावर खडूने एक रेघ ओढली, मला माणसाच्या चालीने गाडी पुढे घ्यायला सांगितली आणि स्वतः चाकाशेजारून कान देऊन चालत राहिले. चाकाच्या एका फेऱ्यात चिवचिव एकदा झाली असती तर दोष चाकात, ड्रममध्ये किंवा ब्रेकमध्ये शोधावा लागला असता. ती चार वेळा होत होती. मागच्या डिफरन्शियलमुळे, म्हणजे मागच्या आसावरच्या गिअरच्या पेटीमुळे, चाकाचा एक फेरा होईपर्यंत प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या लांब दांड्याचे, सुमारे चार फेरे होतात. तेव्हा चोर शाफ्टवर बसला होता, हे गाडीखाली न शिरता, दहा रुपयांच्या खडूने ठरले.

गाडीखाली गेल्यावर त्यांनी मलाही बोलावले, ही मला फार मोलाची गोष्ट वाटली. शाफ्टच्या मागच्या टोकाच्या क्रॉसच्या, म्हणजे अधिकच्या खुणेसारख्या फिरत्या सांध्याच्या, वाटीभोवती तांबडी पूड जमली होती. आपल्याकडे तांबडी धूळ कुठे नसते, म्हणून मी ती जांभ्याची धूळ असेल असे म्हटले. त्यांनी थोडी पूड चिमटीत घेऊन माझ्या तळहातावर घासली. जांभ्याची माती बोटाला खरखरीत लागते. ही अबिरासारखी मऊ होती आणि हाताला लोखंडाचा वास राहिला. आतल्या सुईसारख्या बेअरिंगमधले ग्रीस संपून गंज धरला की तो असा पूड होऊन बाहेर येतो. रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये टाकताना जो 'टक्' असा धक्का बसत होता तोही याच क्रॉसचा निघाला, आणि मी मात्र इतके दिवस गिअरबॉक्सला दोष देत होतो.

कुरकुरीसाठी त्यांची पद्धत त्याहून साधी होती. माझ्या पुतण्याला आणि गॅरेजमधल्या मुलाला हौद्यात उभे करून त्यांनी एका लयीत उड्या मारायला लावल्या आणि स्वतः खाली आडवे होऊन, झाडांवर औषध मारण्याच्या छोट्या हातपंपाने एकेक सांधा पाण्याने भिजवत गेले. पाट्याच्या मधल्या बोल्टापाशी काही फरक पडला नाही. पाट्यांच्या टोकांवर पाणी मारल्यावर आवाज थोडा उतरला. डाव्या मागच्या शॅकलच्या, म्हणजे पाट्याचे टोक चासिसला जोडणाऱ्या कडीच्या, बुशवर (आतल्या रबरी नळीवर) धार पडताच हौद्यातल्या दोघांच्या पायांखेरीज काही ऐकू येईना.

यापुढचा भाग माझ्या अंगाशी येणारा आहे, तरी लिहितो. दर वर्षी मे महिन्यात मी चासिसला गंज लागू नये म्हणून जळके ऑइल मारतो. इथे कित्येकजण मारतात, माझे वडीलही मारीत असत. ते बुश काढून मिस्त्रींनी माझ्या हातात ठेवले तेव्हा ते भिजलेल्या पावासारखे फुगलेले आणि कडांना भुगा होत असलेले होते. ते म्हणाले, "काका, तेल तुम्ही लोखंडाला लावलंत, पण ते प्यायलं बुशांनी." रबराला खनिज तेल आणि साधे ग्रीस चालत नाही, तिथे सिलिकॉनचे ग्रीस लागते किंवा काहीच लागत नाही. ऑइल मारायचेच असेल तर बुशांच्या जागा फडक्याने झाकून मारावे, एवढाच त्यांचा आग्रह होता.

हे बुश दोनच वर्षांपूर्वी बदललेले होते. ते इतक्या लवकर जाण्याचे आणखी एक कारण त्यांनी दाखवले, आणि ज्यांच्याकडे पाट्याची गाडी आहे त्यांनी ते अवश्य लक्षात ठेवावे. गाडी जॅकवर असताना, चाके लोंबकळत असताना शॅकलचे बोल्ट पूर्ण आवळले तर रबर त्याच स्थितीत पकडले जाते. मग गाडी खाली उतरवली की ते कायमचे पिळलेले राहते आणि प्रत्येक खड्ड्याला आणखी पिळवटते. म्हणून नवे बुश बसवल्यावर त्यांनी बोल्ट हातानेच लावले, गाडी जमिनीवर घेतली, दोनदा हलवली आणि मग पाना घेऊन शेवटचे आवळणे केले. पाच मिनिटांचे हे काम आहे आणि ते वगळले तर पैसे वाया जातात.

डावा पाटा उघडून त्याच्या पात्यांची टोके तारेच्या ब्रशने साफ करण्यात आली आणि मध्ये ग्राफाइटचे ग्रीस भरले. पाटा आसाला आवळून धरणारे जुने यू-बोल्ट ताणलेले असतात म्हणून ते पुन्हा न वापरता नवे टाकले. खडखड सायलेन्सरवरच्या उष्णता अडवणाऱ्या पत्र्याची निघाली, तिचे निदान रबरी हातोडीच्या दोन टोल्यांत झाले आणि उपाय एका मोठ्या होज क्लिपने. फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या झडपेच्या) साखळीला जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून दिली, ती मी मागितलीही नव्हती.

खर्च पुढीलप्रमाणे झाला: शोधण्याचे ६००, क्रॉसचे ८५०, बुश आणि शॅकल पिना ११५०, यू-बोल्ट ५०० आणि मजुरी १४००, एकूण ४५०० रुपये. शाफ्टचा दुसरा क्रॉस चांगला आहे, तो उगाच बदलू नका, असे त्यांनीच सांगितले. जे शोधण्याचे पैसे वेगळे घेतात त्यांना सुटे भाग खपवण्याची घाई नसते, असा माझा अनुभव झाला; आधीच्या ठिकाणी शोध फुकट होता आणि त्याची किंमत शॉकअपमधून वसूल झाली.

उणिवाही आहेत. एका वेळी एकच गाडी घेतली जाते आणि एप्रिलमध्ये, म्हणजे आंबेवाल्यांना जेव्हा सर्वात जास्त घाई असते तेव्हा, आठ-दहा दिवस थांबावे लागते. छापील बिल मिळत नाही, वहीचा कागद मिळतो. बसायला एक बाक आहे आणि त्यावर बहुधा कोणाचा तरी गिअरबॉक्स बसलेला असतो. जुलैत तिकडे जाण्यात अर्थ नाही, कारण पत्र्यावर पाऊस कोसळत असताना शेजारचा माणूस बोललेला ऐकू येत नाही, तर बुश काय ऐकू येणार. शिवाय निम्मे आवाज त्या दिवसांत गाडीतच नसतात. आणि माझ्या डॅशबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातली बारीक करकर त्यांना सापडली नाही. दोन ठिकाणी फेल्टची पट्टी लावून पाहिली, तासभर घालवला, आणि शेवटी त्याचे पैसे न घेता "ही राहू दे, हिच्याने गाडी थांबणार नाही" म्हणून हात पुसले. मला ते पटले, परंतु माझ्या पत्नीला, जी नेमकी त्याच बाजूला बसते, पटलेले नाही.

जाणाऱ्यांसाठी एक सूचना: गाडी धुऊन नेऊ नये, कारण ओले सांधे काही सांगत नाहीत, आणि आवाज भरलेल्या गाडीला येत असेल तर भरलेलीच न्यावी. माझ्यापुढे एकजण चिऱ्यांची गाडी मोकळी करून आला होता, त्याला परत भरून आणायला पाठवले.

काम होऊन आता पाच आठवडे झाले आहेत. आंबा घाटाच्या तीन खेपा झाल्या, मागून काही ऐकू आलेले नाही. नवे यू-बोल्ट काही शे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावे लागतात, त्यासाठी येत्या सोमवारी सकाळी गाडी दाखवायची आहे. त्याचे पैसे आधीच्या हिशेबातच धरलेले आहेत.