२५० ला चालतं, ते ११० ला चालणार नाही व्हय?

इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टर म्हणून बावीस वर्षं काढली आणि साध्या रिलेत, म्हणजे छोट्या सिग्नलवर चालणाऱ्या स्विचमध्ये, फसलो. सांगायला लाज वाटते, पण ‘न वापरलेला’ म्हणून विकल्या जाणाऱ्या असल्या बनावट मालाची कोटेशनं अजून फिरताहेत, म्हणून लिहितोय.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचं ११ केव्हीचं पॅनेल माझ्याकडे मेंटेनन्सला आहे. मे महिन्यातल्या शटडाऊनला त्यातला ऑक्झिलरी ट्रिप रिले खराब निघाला. फॉल्ट ओळखणाऱ्या प्रोटेक्शन रिलेनं हुकूम दिला की ब्रेकर, म्हणजे पुरवठा तोडणारा मोठा स्विच, उघडणाऱ्या ट्रिप कॉइलला ११० व्होल्ट डीसी पोचवायचं, एवढंच त्याचं काम. कॉइल २०० वॅटची, म्हणजे साधारण १.८ अँपिअर.

लोहार चाळीतल्या ओळखीच्या दुकानदारानं नव्या रिलेचे ९,००० सांगितले आणि सहा आठवडे थांबा म्हणाला. तेवढ्यात एकाचा फोन आला. बंद पडलेल्या प्रोजेक्टचा न वापरलेला माल, नग ३,५०० ला, तीन दिवसांत हातात. मी चार घेतले. बिल कच्चं.

स्टिकरवर छापलं होतं ‘५ ए, २५० व्ही’. एसी की डीसी, पत्ता नाही. विचारलं तर म्हणाला, “अहो साहेब, २५० ला चालतं ते ११० ला चालणार नाही व्हय?” आणि मी हो म्हणालो! एसीचा करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, तिथं आर्क (काँटॅक्ट उघडताना पेटणारी ठिणगी) आपोआप विझतो. डीसीला शून्यच नाही. त्यात ट्रिप कॉइल इंडक्टिव्ह, ती करंट सहजी सोडत नाही. हे मी आयटीआयच्या पोरांना शिकवलेलं आहे.

बसवून पाच वेळा टेस्ट बटण दाबलं, पाचही वेळा ब्रेकर खाडकन उघडला. ती टेस्टच फसवी होती, हे नंतर डोक्यात आलं. कॉइलचा करंट तोडायचं काम ब्रेकरबरोबरच हलणाऱ्या छोट्या ऑक्झिलरी स्विचचं असतं. बटणावर बोट अर्धा सेकंद तरी राहतं, तोवर स्विच करंट तोडून मोकळा झालेला असतो. खऱ्या फॉल्टला मात्र ब्रेकर उघडला की प्रोटेक्शन रिले लगेच रिसेट होतो. अशा वेळी ऑक्झिलरी स्विच जरा जरी मागं राहिला, तर तो करंट रिलेच्या काँटॅक्टला तोडावा लागतो. आमच्या स्विचच्या लिंकेजमधलं ग्रीस वाळलेलं होतं. ती चूक माझी.

जुलैत ओव्हरकरंटवर ब्रेकर दोनदा ट्रिप झाला, परत नीट लागला. तिसऱ्या वेळी रात्री दोनला ऑपरेटरचा फोन, “क्लोज दिला की लगेच ट्रिप होतंय.” भट्टीत मेटल वितळलेलं. जनरेटरवर कूलिंगचा पंप चालू ठेवला, पण मेटल शेवटी पिटमध्ये ओतावं लागलं. मालक बाजूला उभे राहून बघत होते.

मी पोचलो आणि मीटर लावला. रिलेच्या कॉइलला सप्लाय नाही, तरी काँटॅक्टवर बीप, म्हणजे तो जोडलेलाच. कव्हर काढलं. बाहेरची केस जुनी पण अस्सल, आत बाजारातला प्लग-इन क्यूब रिले वायरी झाळून बसवलेला. त्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत खरं काय ते लिहिलेलं होतं : १० ए २५० व्ही एसी, १० ए ३० व्ही डीसी. ११० व्होल्ट डीसीला असला काँटॅक्ट धड अर्धा अँपिअरही तोडत नाही. चांदीच्या दोन टिकल्या एकमेकींना चिकटल्या होत्या. स्क्रूड्रायव्हरनं रेटल्यावर टक्कन सुटल्या, मोहरीएवढा काळा मणी एकीवर राहिला.

मालाबरोबर टेस्ट रिपोर्टही आला होता, ‘मेक अँड कॅरी ३० अँपिअर, ०.२ सेकंद’. मॉडेल नंबर दुसऱ्याच रिलेचा, हे मी त्या रात्री पाहिलं. आणि रिपोर्ट खरा असता तरी तो आकडा करंट जोडायचा आणि वाहायचा, तोडायचा नव्हे. चांगल्या रिलेचीही डीसी तोडायची क्षमता ११० व्होल्टला, एल बाय आर (कॉइल करंट किती वेळ धरून ठेवते त्याचं माप) ४० मिलिसेकंदला, अँपिअरच्या दशांशात असू शकते. घेताना जोडायचा आणि तोडायचा, हे दोन्ही आकडे, तुमच्या बॅटरीच्या व्होल्टेजला, लेखी मागा. विकणारा “सगळ्याला चालतं” म्हणाला तर फोन ठेवा.

विकणाऱ्यानं आधी “वापर चुकीचा केलात” म्हटलं, मग नंबरच बंद. वकील म्हणाले, धंद्यासाठी घेतलेला माल, ग्राहक कायद्यात बसवणं अवघड. पोलिसांत अर्ज दिलाय.

चारपैकी दोन मी गोकुळ शिरगावच्या दुसऱ्या कारखान्यात लावले होते. सकाळी त्या मालकांना फोन केला. “किती दिवस झाले बसवून?” “दोन महिने.” पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, “म्हणजे दोन महिने आमचा ब्रेकर देवाच्या भरवशावर?” रविवारी जाऊन दोन्ही बदलले, बिल लावलं नाही. चौथा अजून पाकिटात आहे, अर्जासोबत दाखवायला.