रिकरिंग, रिपीटेड की कंटिन्युअल? ‘वारंवार’साठी इंग्रजी विशेषण निवडताना

लिफ्ट वारंवार बंद पडते, पोट वारंवार बिघडतं, बँकेतून वारंवार फोन येतात. मराठीत सगळीकडे एकच शब्द चालून जातो. इंग्रजी पत्र किंवा अहवाल लिहायला बसलं की मात्र सात-आठ विशेषणं समोर येतात आणि त्यातलं ओळखीचं एखादं उचललं जातं. चुकीचं उचललं तरी व्याकरण शाबूत राहतं आणि स्पेलचेक काही बोलत नाही. बदलतो तो अर्थ. म्हणून आधी तीन गोष्टी बघाव्यात: हे कुणी करतंय की आपोआप होतंय, दोन वेळांमधलं अंतर ठरलेलं आहे का, आणि मध्ये खंड पडतो का.

सोसायटीच्या लिफ्टचंच पत्र घेऊ. ‘फ्रीक्वेंट ब्रेकडाउन्स’ लिहिलंत तर लिफ्ट बऱ्याचदा बंद पडते एवढंच कळतं. एकदा दाराचा सेन्सर, एकदा कंट्रोल पॅनेल, अशी दर वेळी वेगळी कारणंही त्यात बसतात. ‘रिकरिंग फॉल्ट’ म्हटलं की तोच बिघाड परत येतोय, म्हणजे मागच्या दुरुस्तीत मूळ कारण गेलेलं नाही, असं तुम्ही कंपनीला सांगता. ‘इंटरमिटंट फॉल्ट’ म्हणजे येतो-जातो असा बिघाड, माणूस बघायला आला की लिफ्ट नेमकी सुरळीत चालते तो. हा शब्द वाचून चांगला टेक्निशियन आधी सैल जोडण्या तपासेल. ‘पर्सिस्टंट’ म्हणजे उपाय करूनही न हटणारा. ‘क्रॉनिक’ दीर्घकाळाचा, तो किती वेळा होतो हे त्या शब्दात नसतं. आणि ‘रिपीटेड’ लिफ्टला नको, तुमच्या तक्रारींना लावा: ‘रिपीटेड कम्प्लेंट्स’. कारण ‘रिपीटेड’च्या मागे बहुतेक वेळा करणारा कुणीतरी असतो, ‘रिकरिंग’ गोष्ट आपली आपण परतते. एकाच पत्रात ‘रिकरिंग फॉल्ट’ आणि ‘रिपीटेड कम्प्लेंट्स’ दोन्ही आले तर कंपनीची चूक आणि तुमचा पाठपुरावा वेगवेगळे दिसतात.

‘रिपीटेड’ची आणखी एक अट आहे. त्याच्यापुढे अनेकवचन किंवा कृतीचं नाम लागतं: ‘रिपीटेड रिमाइंडर्स’, ‘रिपीटेड फेल्युअर’. दर सोमवारच्या मीटिंगला ‘अ रिपीटेड मीटिंग’ म्हणत नाहीत, ती ‘रिकरिंग मीटिंग’. ‘द प्रॉब्लेम इज रिपीटेड’ हेही टाळा. कुणीतरी तो प्रश्न मुद्दाम पुन्हा उकरून काढतंय, असं ते ऐकू येतं. सरळ ‘द प्रॉब्लेम कीप्स रिकरिंग’ लिहावं. स्पेलिंगमध्ये डबल आर. ‘रीऑकरिंग’ हा वेगळा शब्द आहे, पुन्हा एकदा घडण्यापुरता. वारंवारतेसाठी तो वापरू नये.

‘रिकरिंग’ आणि ‘रिकरंट’ यांची सीमारेषा पुसट आहे, पण क्षेत्रांनी आपापली वाटणी करून घेतली आहे. पैसा आणि वेळापत्रक ‘रिकरिंग’कडे: रिकरिंग डिपॉझिट, रिकरिंग पेमेंट. शासन निर्णयात ज्याला आवर्ती खर्च म्हणतात तो ‘रिकरिंग एक्स्पेंडिचर’. गणितातला आवर्ती दशांशही ‘रिकरिंग डेसिमल’. १ भागिले ७ केलं की १४२८५७ हे सहा अंक फिरून फिरून येतात. आजारपण ‘रिकरंट’कडे. मूत्रमार्गाचा संसर्ग ६ महिन्यांत २ किंवा १२ महिन्यांत ३ वेळा झाला की डॉक्टर त्याला साधारणपणे ‘रिकरंट’ म्हणतात. गंमत म्हणजे स्वरयंत्राच्या ‘रिकरंट लॅरिंजियल’ मज्जातंतूत पुन्हा घडणारं काहीच नाही. तो छातीत उतरून, वळसा घेऊन वर परत येतो, म्हणून ते नाव. मूळ लॅटिन अर्थच परत धावणं. मनात शंका असेल तर ‘रिकरिंग’ घ्या, सर्वसाधारण लिखाणात ते कुठेही खटकत नाही.

‘रिपिटेटिव्ह’मध्ये तोचतोचपणाची तक्रार आहे. सहकाऱ्याच्या कामाला ते विशेषण लावण्याआधी विचार करावा. कंटाळवाणं म्हणायचं नसेल तर ‘रूटीन’ पुरतं.

मराठी माणसाची सर्वाधिक घसरण होते ती ‘सतत’वर. ‘ही इज कंटिन्युअसली कॉलिंग मी’ याचा शब्दशः अर्थ फोन एकदाही खाली ठेवलेला नाही. ‘कंटिन्युअस’मध्ये खंड नाही, ‘कंटिन्युअल’मध्ये थांबून थांबून पण पुन्हा पुन्हा. पाऊस दुपारभर न थांबता कोसळला तर ‘कंटिन्युअस रेन’, दिवसभर सरीमागून सरी आल्या तर ‘कंटिन्युअल शॉवर्स’. आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकात सुधारणेसाठी ‘कंटिन्युअल इम्प्रूव्हमेंट’ असा शब्द आहे, कारण सुधारणा टप्प्याटप्प्याने होते. ऑडिटच्या कागदपत्रांत तोच ठेवावा. बोलीभाषेत इंग्रज-अमेरिकनही ही दोन्ही विशेषणं सरमिसळ वापरतात. त्यामुळे साध्या ईमेलमध्ये ‘ही कीप्स कॉलिंग’ लिहून मोकळं व्हावं. वैताग दाखवायचा असेल तर ‘इन्सेसंट कॉल्स’ आहेच.

‘रेग्युलर’ म्हणजे ठरल्या अंतराने, मग ते अंतर कितीही मोठं असो. २९ फेब्रुवारी रेग्युलर येते, फ्रीक्वेंट नाही. ‘पीरिऑडिक’ही मुळात ठरावीक अंतराचंच, पण रोजच्या वापरात ते ‘अधूनमधून’पर्यंत सैल झालं आहे. लिफ्टच्या वार्षिक करारात नुसतं ‘पीरिऑडिक मेंटेनन्स’ असेल तर सही करण्याआधी पुढे दिवसांचा आकडा घालून घ्या. तसं केलं नाही तर वर्षातून दोनदा आलेला माणूसही करार पाळलाच म्हणू शकतो.

खरी फसगत ‘बाय’ने सुरू होणाऱ्या शब्दांत. ‘बायवीकली’ आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा? शब्दकोश दोन्ही अर्थ देतात. ‘बायमंथली’चं तसंच. रिझर्व्ह बँकेचं बायमंथली पतधोरण दर दोन महिन्यांनी येतं, पण तुमच्या पत्राचा वाचक महिन्यातून दोनदा असंही समजेल. हे दोन्ही शब्द पगार, भाडं, हप्ते यांच्या कागदावर नकोतच; ‘एव्हरी टू मंथ्स’ किंवा ‘ट्वाइस अ मंथ’ लिहा. ‘फॉर्टनाइटली’ भारतात चालतं, मात्र ते १४ दिवसांचं आहे. फॉर्टनाइटली पगार वर्षाला साधारण २६ वेळा होतो आणि महिन्यातून दोनदाचा २४ वेळा. करारात एक आणि हिशोबात दुसरं आलं की दोन पगारांचा फरक पडतो.

‘बायॲन्युअल’ म्हणजे वर्षातून दोनदा, ‘बायेनियल’ म्हणजे दोन वर्षांतून एकदा. राज्यसभेचे एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात, त्या जागांची निवडणूक ‘बायेनियल’. कांदाही बायेनियल पीक: पहिल्या हंगामात कांदा, दुसऱ्यात फुलं आणि बी. उच्चार इतके जवळचे आहेत की फोनवर हमखास घोळ होतो. वर्षातून दोनदा म्हणायचं असेल तर ‘हाफ-इयरली’ वापरा. बँकांच्या व्याजाच्या कागदांमुळे ते इथे सगळ्यांना कळतं.